लागला म्हणायचं असतं

निवृत्ती केदारे गॅरेजातून रिटायर झाले आणि घरी येऊन गप्प बसले. रुसवा नव्हता, दुखणं नव्हतं, नुसतं गप्प. जेलरोडच्या आत त्रिशरण कॉलनीत त्यांचं छोटं घर. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची. लताबाईंनी काही विचारलं की "हं", सुनेने चहा आणून दिला की मान हलवायची, मुलगा कामावरून आला की "आलास?" झालं दिवसाचं बोलणं. ज्या माणसाचा आवाज उभी हयात चालू इंजिनाच्या वर चढून पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा, त्याने असं मुकं व्हावं हे घरात कुणालाच सोसेना. लताबाईंनी त्यांना डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. डॉक्टरला काय जातंय म्हणायला!

मुलगा म्हणजे प्रफुल्ल. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट. पोरांनी बिघडवलेली मशीनं सुरू करायची, सरांचे विसरलेले पासवर्ड शोधून द्यायचे आणि उरल्या वेळात स्वतःचं काहीबाही प्रोग्रॅमिंग करत बसायचं. बापलेकांचं गुळपीठ असं कधी नव्हतं. पण पूर्वीचं न बोलणं वेगळं आणि हे वेगळं, आणि तो फरक प्रफुल्लला रोज जेवताना टोचायचा. अण्णा समोर बसलेले असायचे आणि नसायचेही.

त्यांना पुन्हा बोलतं केलं ते वाल्मीक बोरस्त्यांनी. वाल्मीक मूळचे वणीचे. पंचवटीत भाजीचा गाळा, कॉलनीच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली आणि बुद्धिबळाचं अतोनात वेड. गाळा आवरला की ते पट काखोटीला मारून विहाराच्या ओट्यावर हजर. आल्या आल्या ते म्हणायचे, "जय भीम, निवृत्तीभाऊ." निवृत्ती म्हणायचे, "राम राम, वाल्मीकराव." प्रत्येकाने समोरच्याचा नमस्कार घालायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यानंतर दोघंही खाली मान घालून खेळायचे आणि अंधार पडला की उठायचे. तोवर तरी साधंच बुद्धिबळ होतं, आणि निवृत्ती तिथेही गप्पच असायचे.

एके दिवशी कॉलनीतल्या पोरांच्या क्रिकेटच्या बेल्स हरवल्या. पोरांनी पटावरचा पांढरा राजा उचलला आणि स्टंपांवर आडवा ठेवला. पहिल्याच बॉलला राजा गटारात. वाल्मीकांनी पोरांना पोटभर शिव्या दिल्या आणि राजाच्या जागी सोड्याच्या बाटलीचं टोपण मांडलं. निवृत्ती त्या टोपणाकडे बघत राहिले.

"याला राजा म्हणायचं?"

"मंग काय करता भाऊ? आजच्या दिस चालवून घ्या. उद्या नवा आणू."

"राजा कोण ते आधीच का ठरलेलं असतं पण?" निवृत्ती म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं होतं. "टोपण असू दे साधा गडी. सोळातला एक कोणीतरी मनात धरा. हत्ती धरा, प्यादं धरा. मीपण धरतो. तो मेला की आपण हरलो."

"आन् समोरच्याला कसं कळायचं कोन राजा हाय ते?"

"नाय कळायचं. शोधायचं त्याने."

वाल्मीकांनी मांडीवर थाप मारली. मनातला मोहरा कुणी मध्येच बदलू नये म्हणून त्याचं नाव कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चहाच्या कपाखाली ठेवायचं ठरलं, आणि खेळ सुरू झाला. तो त्या दिवसापासून थांबलाच नाही. महिन्याभरात ओट्याभोवती गर्दी जमू लागली. वाल्मीकांनी हत्ती सरकवला की निवृत्ती मिशीत हसत म्हणायचे, "लागला बरं का." मग वाल्मीक डोकं खाजवायचे, कोणाला लागला? त्या प्याद्याला की या उंटाला? निवृत्ती मुद्दाम भलत्याच मोहऱ्याकडे काळजीने बघायचे. बघणारे ओरडायचे, चिडवायचे, पैजा लावायचे. कोपऱ्यावरच्या साळूबाई नेहमी राजा वजिराला करायच्या आणि नेहमी हरायच्या, आणि निवृत्ती त्यांना म्हणायचे, "साळूबाई, एकदा तरी प्याद्यावर विश्वास ठेवा की." घरी आले की जेवताना सगळा डाव पुन्हा सांगायचे. लताबाई त्यातलं ओ का ठो न कळता ऐकत बसायच्या आणि मधूनच पदराने डोळे टिपायच्या.

प्रफुल्लने हा खेळ मोबाइलवर आणायचं ठरवलं ते याच दिवसांत. त्यातून नाव व्हावं, आपलंही काही असावं, असं त्याला वाटत नव्हतं असं नाही. पण मुळात त्याला एवढंच हवं होतं की ओट्यावर ही चार माणसं असोत नसोत, अण्णांना समोर कोणीतरी खेळायला मिळत राहावं. हा खेळ थांबला तर अण्णा परत गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या खेपेला उठणार नाहीत, ही भीती त्याने बायकोलाही, म्हणजे चैतालीलाही, सांगितली नव्हती.

कॉलेज सांभाळून त्याने वर्षभर खपून तो बनवला. नाव ठेवलं 'मनातला राजा'. चिटोऱ्याऐवजी राजा कोण ते डाव सुरू होताना आपापल्या मोबाइलला सांगून ठेवायचं. तपासून घ्यायचं काम अर्थातच ओट्यावर. निवृत्ती आणि वाल्मीक शेजारी शेजारी बसून आपापल्या मोबाइलवर चाली करायचे, "हे बटण बारीक हाय रे, दिसत नाय," अशा तक्रारी करायचे, आणि एकीकडे तोंडाने चाललेलंच, "लागला हो, निवृत्तीभाऊ." पटावर जेवढा रंगायचा तेवढाच खेळ मोबाइलवरही रंगला. सगळं ठीक आहे अशी प्रफुल्लची खात्री झाली आणि त्याने तो जगासाठी खुला केला.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले, कारण सुरुवातीला खेळणारे सगळे कॉलनीतलेच होते.

मग बाहेरचे आले. पुण्याच्या एकाने एक स्टार देऊन लिहिलं, हे बुद्धिबळ नाही, लॉटरी आहे. एका हिंदीवाल्याने लिहिलं, "भाई, चौथी चाल में हार गया. मेरा कौन मरा, क्यों मरा, कुछ समझ नहीं आया." कुठल्यातरी परदेशातल्या माणसाने इंग्रजीत लांबलचक निबंध लिहून शेवटी म्हटलं होतं, कल्पना सुंदर, खेळ भिकार. कोल्हापूरच्या एकाने तर, ज्याने हा बनवला त्याला बुद्धिबळ शिकवा रे कोणीतरी, अशी जाहीर विनंती केली होती. अभिप्राय लिहिणाऱ्यांची ही जमात मोठी मजेदार. समोर बसवून चहा दिला तर यातला एकजणही असं बोलणार नाही, पण अंगठ्याने लिहायचं म्हटलं की सगळ्यांच्या अंगात वकील संचारतो.

प्रफुल्ल आधी चिडला. मग त्याची झोप उडाली. लॅबमध्ये पोरं हाका मारायची आणि हा मोबाइलमध्ये डोकं खुपसून नवे अभिप्राय वाचायचा. तीच तक्रार पुन्हा पुन्हा. आंधळी कोशिंबीर आहे, नशिबाचा खेळ आहे, डोकं लागतच नाही. त्याला कळेना. ओट्यावर तर डोक्याला मुंग्या येईपर्यंत विचार करतात लोक! तोच पट, तेच मोहरे, तेच नियम. मग तिथे जिवंत असलेला खेळ इथे मरतो कसा?

संध्याकाळी निवृत्ती विचारायचे, "काय म्हणतात लोक?"

त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं तर मराठीतलीही दिसायची नाहीत. प्रफुल्ल चांगले अभिप्राय शोधून वाचून दाखवायचा. ते संपले तेव्हा तो बनवून सांगायला लागला. "नागपूरचा एकजण म्हणतो, असा खेळ कधी पाहिला नाही." निवृत्ती मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर नागपूरची बातमी सांगायचे. प्रफुल्लला स्वतःची शरम वाटायची, पण थांबवता येईना.

त्याच सुमारास वाल्मीकांच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं. वणीच्या द्राक्षबागेकडे बघायला माणूस नाही. वाल्मीकांनी गाळा पुतण्याच्या हवाली केला, खोली सोडली आणि ते कायमचे गावी गेले. जाताना निवृत्तींच्या दंडाला धरून म्हणाले, "मोबाइलवर खेळू भाऊ. तुमच्या पोरानं लय उपकार केले." ओट्यावरची गर्दी हळूहळू पांगली. साळूबाई तेवढ्या येऊन बसायच्या आणि कोणी नाही बघून उठून जायच्या.

आणि मग तो रविवार आला. प्रफुल्ल बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्याच त्या तक्रारींशी झगडत होता. निवृत्ती गॅलरीत मोबाइलवर वाल्मीकांशी डाव मांडून बसले होते. लताबाई आत बाजरीच्या भाकरी थापत होत्या. एवढ्यात लताबाईंचा मोबाइल वाजला. त्या पिठाच्या हातांनी तो घेऊन बाहेर आल्या आणि गॅलरीत नेऊन दिला. "घ्या. तुमचेच."

निवृत्तींनी कानाला लावला. "हां... लागला? बरं बरं, बघतो आता." फोन बंद. लताबाई चुलीकडे वळतात न वळतात तोच निवृत्तींनी त्याच मोबाइलवरून उलट फोन लावला. "वाल्मीकराव, आता मला लागला." पुन्हा बंद.

"दुपारपासून हेच चाललंय," लताबाई प्रफुल्लला म्हणाल्या. "ते फोन करतात लागला, हे फोन करतात लागला. काय लागतं रे एवढं? माझ्या दोन भाकरी करपल्या."

प्रफुल्ल उठून गॅलरीत गेला. "अण्णा, फोन कशाला करता तुम्ही?"

"म्हणजे? त्यांना कळणार कसं?"

"काय कळणार?"

"मला लागला ते."

"पण सांगायचंच कशाला? खेळात तसा नियम कुठे आहे?"

निवृत्ती मुलाकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "त्याला नियम कशाला पाहिजे? लागला तर लागला म्हणायचं असतं."

प्रफुल्ल तिथेच खाली बसला. साध्या बुद्धिबळात राजाला धोका आला की मारणारा तोंडाने 'शह' म्हणतो. या खेळात मारणाऱ्याला माहीतच नसतं की आपण कोणाला धक्का दिला. म्हणून ज्याच्या मनातल्या राजाला धोका आला, तो स्वतःच म्हणायचा, लागला. हे कोणी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी अण्णांच्या तोंडून निघालं आणि मग सगळे म्हणू लागले. सगळा खेळ त्या एका शब्दावर उभा होता. तो शब्द ऐकला की समोरच्याला माग लागायचा, मग शोध, मग हुलकावण्या. शब्द काढला की उरते ती खरोखरच लॉटरी. आणि प्रफुल्लने नियम लिहिताना तेवढं एक सोडून सगळं लिहिलं होतं. अण्णा आणि वाल्मीक शेजारी बसून खेळून बघत होते, तोंडाने म्हणत होते, आणि हा मठ्ठासारखा फक्त स्क्रीनकडे बघत होता!

"अण्णा," तो म्हणाला, "बाहेरचे लोक असं म्हणत नाहीत."

"मग त्यांना राजा सापडतो कसा?"

"सापडत नाही. दिसेल ते मारत सुटतात."

निवृत्तींनी मोबाइल मांडीवर ठेवला. "मग शिव्या देत असतील."

प्रफुल्ल गॅलरीच्या कठड्याकडे बघू लागला.

"देतात?"

"देतात." आणि मग त्याने मन घट्ट करून सगळं सांगून टाकलं. नागपूरचा कोणी नव्हता. त्याने पुण्याचा, कोल्हापूरचा, परदेशातला, सगळे अभिप्राय वाचून दाखवले. निवृत्तींनी शेवटपर्यंत ऐकलं. प्रफुल्लला वाटलं होतं, ते चिडतील, निदान खोटं बोलल्याबद्दल तरी.

"बरोबर आहे त्यांचं," निवृत्ती म्हणाले. "आपण सांगितलंच नाही त्यांना. आता सांग."

हे एवढं त्यांना का महत्त्वाचं, ते प्रफुल्लला अर्धवटच ठाऊक होतं. निवृत्ती चांदवडच्या बाजूच्या एका खेड्यातले. गावात पारावर बुद्धिबळ चालायचं, पण बौद्धवाड्यातल्या पोराला त्यात कोण घेणार? लांब उभं राहून बघायचं आणि कोणी हटकलं की निघायचं. सगळे मोहरे, सगळ्या चाली ते असे लांबूनच शिकले. नाशिकला ट्रान्सपोर्टच्या गॅरेजात लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एका वयस्क ड्रायव्हरने त्यांना पटासमोर बसवलं. पहिल्याच डावात तो म्हणाला, "निवृत्तीराव, शह." राव! समोर बसवून, नाव घेऊन, कोणी आपल्याला आधी सावध करतं आणि मग मारतं, याचं त्या तरण्या पोराला इतकं अप्रूप वाटलं की तो डाव ते कधी विसरले नाहीत. त्यानंतर गॅरेजातही ते तसेच वागले. एकदा चाकाचा नट पिळायचा राहिला आणि ट्रक आग्रा रोडला लागला. हे कोणाची तरी सायकल घेऊन मागे सुटले, नाक्यावर ट्रक अडवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, नट माझ्याकडून राहिलाय. नट पिळून झाला, पण मालकाने त्यांना आठवडाभर घरी बसवलं. ट्रक परत आल्यावर रात्री गुपचूप पिळला असता तर कुणाला कळलंही नसतं, असं सगळे म्हणाले. निवृत्तींना त्या बोलण्याचा अर्थच लागला नाही.

प्रफुल्लने खेळात 'लागला' असं मोठं लाल बटण घातलं. नियमात ठळक लिहिलं, तुमच्या मनातल्या राजाला धोका आला की हे बटण दाबा. चैतालीने ते वाचून विचारलं, "आणि नाही दाबलं तर?"

"दाबायचं असतं," प्रफुल्ल म्हणाला, आणि आपण अण्णांसारखं बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

काही दिवस खरंच बरं चाललं. पुण्याच्या माणसाने एकाचे तीन स्टार केले. निवृत्तींनी तर आता अनोळखी माणसांशी खेळायला सुरुवात केली. चष्मा पुसून, सरळ बसून, परीक्षेला बसल्यासारखे खेळायचे. वाल्मीकांशी रोजचा एक डाव असायचाच, आणि गंमत म्हणजे बटण आलं तरी वाल्मीक फोन करायचेच. "बटन दाबलं भाऊ, पन म्हनलं तोंडानं बी सांगावं." मग द्राक्षाला भाव काय, भावाचं दुखणं कसं आहे, लताबाईंना वणीला आणा एकदा, असं लांबत जायचं आणि डाव तिथेच राहायचा. लताबाईंनी आता आपला मोबाइल गॅलरीच्या कठड्यावरच ठेवून दिला होता.

पण जग म्हणजे काही त्रिशरण कॉलनी नाही. नवे अभिप्राय येऊ लागले. एकाने लिहिलं, मी बटण कधीच दाबत नाही, त्यामुळे मी नेहमी जिंकतो, मस्त गेम. त्याखाली दुसऱ्याने, बटण दाबणाऱ्या येड्यांसाठी हा खेळ आहे. आणि एका बाईने लिहिलेलं प्रफुल्लच्या फार जिव्हारी लागलं, इथे खरं सांगणारा हरतो, तर तसलं जग बाहेर आहेच, मोबाइलमध्ये आणखी कशाला?

त्याने अण्णांचे डाव उघडून बघितले. वाल्मीकांबरोबरचे सोडले तर अण्णा सगळे डाव हरले होते. सगळे. प्रत्येक डावात अण्णांनी इमानाने बटण दाबलेलं, आणि समोरच्याने एकदाही नाही. एकाने तर जिंकल्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवली होती. अण्णांनी उत्तरादाखल नमस्काराचे हात पाठवले होते.

"अण्णा, समोरचे दाबत नाहीत," प्रफुल्ल म्हणाला.

"माहितीये."

"मग तुम्ही तरी कशाला दाबता?"

"मला लागला होता ना पण." आणि मग मुलाचा चेहरा बघून त्यांनी समजूत घातली, "नवीन आहे लोकांना. सवय नाही. होईल हळूहळू."

प्रफुल्लला ते सहन होईना. बाप स्वतःचं हसं करून घेतोय आणि त्याला ते समजतही नाही, की समजून तसाच बसलाय? कोण कुठली पोरं, मोबाइलच्या आड बसून आपल्या म्हाताऱ्याला रोज लुबाडतात! त्याला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि मुख्य म्हणजे, हरून हरून अण्णा एक दिवस मोबाइल ठेवून देतील आणि गप्प होतील, ही जुनी भीती परत वर आली.

"सोपं आहे," चैताली म्हणाली. "मशीनला कळतंच ना कोणाला लागला ते? मग मशीननेच सांगू दे. माणसावर ठेवायचंच कशाला?"

इतकं सोपं होतं खरं. प्रफुल्लने बटण काढून टाकलं. राजाला धोका आला की दोघांच्याही मोबाइलमधून आपोआप आवाज येईल, लागला. आवाज कोणाचा, तर अण्णांचाच. त्याला वाटलं, यापरता मान कोणता? त्याने अण्णांना नुसतं एवढंच सांगितलं की खेळात घालायला तुमचा आवाज हवा आहे. निवृत्तींनी पांढरा सदरा घातला, पाणी प्यायले आणि बंद खोलीत बसून निरनिराळ्या तऱ्हेने 'लागला' म्हणून दाखवलं. एकदा मोठ्याने, एकदा हळू, एकदा वाल्मीकांना चिडवताना म्हणायचे तसं हसत. प्रफुल्लने हसरा ठेवला.

खेळ उचलला गेला. म्हणजे अगदी उचलला गेला. आता फसवता येत नव्हतं, आता डोकं लागत होतं. पुण्याच्या माणसाने पाच स्टार दिले. परदेशातल्याने पुन्हा निबंध लिहिला, या वेळी माफी मागणारा. साताऱ्याच्या एका मुलीने लिहिलं, ते आजोबा 'लागला' म्हणतात ना, ऐकून इतकं प्रेमळ वाटतं! कॉलेजात प्राध्यापक मंडळी प्रफुल्लला नावाने हाक मारू लागली. त्याने हे सगळे अभिप्राय, एकही न गाळता, एकही न बनवता, अण्णांना वाचून दाखवले.

निवृत्तींनी नव्या खेळाचा पहिला डाव वाल्मीकांशीच लावला. प्रफुल्ल कौतुकाने शेजारी उभा होता. वाल्मीकांचा घोडा येऊन पडला. निवृत्ती हसले, त्यांचा हात कठड्यावरच्या लताबाईंच्या मोबाइलकडे गेला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी खेळ त्यांच्याच आवाजात म्हणाला, "लागला."

निवृत्तींनी हात मागे घेतला. खेळाचा मोबाइल उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"मी म्हणणारच होतो," ते म्हणाले.

"हो अण्णा, पण आता तुम्हाला म्हणायची गरजच नाही. आता कोणी लपवूच शकत नाही."

"मी कुठे लपवत होतो?"

प्रफुल्ल घाईघाईने म्हणाला, "तुमच्यापुरतं बंद करून देऊ का? तुमचं तुम्ही दाबा पूर्वीसारखं."

"माझ्यासाठी वेगळा नियम? नको. सगळ्यांना एकच असू दे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लोकांना आवडतंय ना असं?"

"खूप."

"मग राहू दे. चांगलं केलंस." आणि त्यांनी चाल केली.

तो डाव ते जिंकले. वाल्मीकांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगितलं, "भाऊ, तुमचा आवाज इकडं बागेत बसून ऐकू येतोय, लय भारी वाटतं. आता फोन करायचीबी कटकट नाय." खरंच त्यांनी नंतर केला नाही. करायचं कारणच उरलं नाही. द्राक्षाचं, भावाच्या दुखण्याचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या एका शब्दाला धरून व्हायचं, आणि तो शब्द आता मशीन सांगत होतं.

निवृत्ती अजून रोज खेळतात. अनोळखी माणसांशीही खेळतात आणि बरेचदा जिंकतात. प्रफुल्लने नवे अभिप्राय वाचून दाखवले की "छान, छान" म्हणतात आणि पुन्हा मान खाली घालतात. जेवताना डाव सांगत नाहीत. लताबाईंनी आपला मोबाइल परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आहे.

परवा संध्याकाळी प्रफुल्ल कामावरून आला तेव्हा गॅलरीतून अण्णांचा आवाज आला. हसरा, वाल्मीकांना चिडवायचे तो. "लागला." प्रफुल्लचा जीव क्षणभर सुपाएवढा झाला. लताबाईंनीही तो आत ऐकला. त्या भाजी परततच उत्सुकतेने ओरडल्या, "काय हो? काय म्हणालात?"

गॅलरीतली खुर्ची करकरली.

"मी काही बोललो नाही," निवृत्ती म्हणाले.